अळणी पेज

हर्णे बंदरावर बकुळाच्या खारवलेल्या मासळीला कुणी नावं ठेवली असं झालं नाही. मीठ किती, ऊन किती, ते तिच्या हाताला कळतं. तिच्या रांधण्याला नावं ठेवणारा माणूस एकच, तिचा नवरा गुणाजी. होडीवरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. समुद्रावरून आला की पहिल्याच घासाला म्हणायचा, "खारट केलंस." दुसऱ्या दिवशी, "अळणी हाय." एकदा तर कालवणासकट वाडगा अंगणात गेला. बकुळाने तो धुतला आणि त्याच्याच पुढ्यात पुन्हा ठेवला, रिकामा.

हा गुणाजी रक्ताच्या कॅन्सरने आडवा झाला. मुंबईच्या दवाखान्यात बोनमॅरो बदलला. धाकट्या बहिणीच्या, संध्याच्या पेशी त्याला चढवल्या. पेशी रुजल्या, रक्त वाढायला लागलं. पण औषधांनी तोंड आतून सोललं आणि चव गेली. पोटात जायचं ते नळीतून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंडाने नीट जेवायला लागले की नळी काढू. मग या खोलीतून सुटका."

नातेवाइकांसाठी दवाखान्यात शेगडी होती. बकुळा तिच्यावर ताजी पेज शिजवी, हात धुऊन, मास्क लावून आत नेई. गुणाजी दोन चमचे घेई आणि तोंड फिरवी. आपणहून चांगली म्हणेना, वाईट म्हणेना. त्या गप्प राहण्याचीच बकुळाला धास्ती बसली.

मग तिने पेजेत मीठ घालायचं बंद केलं. डॉक्टरांची मिठाला ना नव्हती. उरलेली पेज संध्याने चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"वैनी, मीठ विसरलीस गो."

"विसरायला काय झालंय मला? त्याला कळतंय काय, ते मी बघतंय."

"आजारी माणसाची परीक्षा घेतंस?"

"चव आली काय विचारलं तर व्हय म्हणतो. मी रडू नये म्हणून खोटं बोलतो मेला."

संध्या हसली. "आता माझं रक्त हाय त्याच्यात. सुधारेल."

"तुझं? मग आणखीनच वरडेल."

अळणी पेज जात राहिली. दोन चमच्यांची अर्धी वाटी झाली, तरी गुणाजीच्या तोंडून तक्रार काही निघेना. एका दुपारी मात्र त्याने चमचा खाली ठेवला.

"काय गो," आवाज घोगरा होता, "हर्ण्यातलं सगळं मीठ मासळीलाच घातलंस? नवऱ्याला चिमूटभर उरलं नाय?"

"उद्या घालीन."

"उद्या कशाला? आत्ता आण."

बकुळा वाटी घेऊन बाहेर आली. संध्याने विचारलं, "काय म्हणतो?"

"शिव्या घालतोय," बकुळा म्हणाली आणि डब्यातलं मीठ काढताना तिची चिमूट थोडी जास्तच भरली. पेज पुन्हा खळखळून उकळली, निवू दिली, आत नेली.

पहिला चमचा तोंडात गेला तसा गुणाजी म्हणाला, "खारट केलंस."

आणि वाटी पुसून संपवली.