टाचणीचे कागद

पडदा वर जातो, आणि दिसते एक खोली. डावीकडे पायानं चालवायचं शिवणयंत्र, मध्ये खडूनं पांढरं पडलेलं मेज, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या तपकिरी कागदांच्या गुंडाळ्या. मेजाशी उभी एक काटकुळी बाई, ओठांत टाचण्या धरलेली. आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे टाचणीच म्हणत. मी राण्या करायची. तिनं शिवलेल्या झग्यांत जशी दिसले, तशी पुन्हा कुठल्याच आरशात दिसले नाही.

जाहिरातीवर मात्र छापलेलं असे, ‘वेशभूषा : मालक’. मालकांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. खेळ संपला की ते सगळ्यांना रंगमंचावर बोलवायचे, दिवेवाल्यालासुद्धा. टाचणी विंगेतच उभी. “तिचं तोंड टाचण्यांनी भरलंय, ती काय बोलणार!” म्हणून वर हशाही घ्यायचे.

मालक गेले. मुलानं त्यांच्या नावानं संग्रहालय काढलं आणि एक दिवस फुलं घेऊन तो टाचणीकडे आला. मी तिथेच चहा पीत बसले होते.

“मावशी, तुमचे बेतणीचे कागद आम्हाला द्या. काचेचं कपाट करतो.”

“पाटीवर नाव कुणाचं?”

“बाबांचंच असणार ना. तुमचं खाली.”

“किती खाली?”

तो कसनुसा हसला. मग घसा खाकरून म्हणाला, “आणि बाबांची मापं तेवढी काढून टाकू.”

टाचणीची एक पद्धत होती. कापडाला कात्री लावण्याआधी ती कागदावर दोन रेघा ओढायची. निळी अंगाची, लाल सोंगाची. मधल्या जागेत किती कापूस भरायचा ते लिहायची. मालक शूरवीर राजे करायचे. त्यांच्या निळ्या आणि लाल रेघेत एक अख्खी उशी मावली असती.

“फुलं ठेव तिथे,” टाचणी म्हणाली, “आणि चालता हो.”

मग आम्ही दोघी म्हाताऱ्या गुंडाळ्या घेऊन वणवण फिरलो. सरकारी दप्तरखान्यात म्हणाले, आम्ही फक्त सरकारी कागद ठेवतो. शिवणशाळेच्या बाई खूश झाल्या, पण मुली त्यावर गिरवणार, फाटले तर फाटले. एका हौशी संग्राहकाला फक्त माझ्या राण्या हव्या होत्या. मी सुखावले. टाचणी नाही.

“राणी राजाशेजारीच राहणार,” ती म्हणाली. “कापसासकट.”

शेवटी विद्यापीठाच्या अभिलेखागारात पोचलो. तिथल्या बाईंनी कागद हळुवार उलगडले आणि सहज सांगितलं, “तुमच्या मालकांची पत्रं आणि फोटो त्यांनी हयातीतच आमच्याकडे दिलेत.”

टाचणी ताठ झाली. “माझे त्यात मिसळाल?”

“छे! ज्याचे कागद त्याच्या नावानं, वेगळे. पण त्यांचे बघायला कुणी आलं, तर तुमचेही आहेत हे आम्ही सांगतो.”

“प्रत्येकाला?”

“प्रत्येकाला. फक्त, मापं खासगी असतात. काही वर्षं बंद ठेवायची का?”

“बाकीच्यांची त्यांना विचारून बंद ठेवा. मालकांची आजच उघडा.”

“आणि माझी कंबर गं?” मी कुजबुजले.

“तुझ्या कमरेला काय झालंय, राणीसरकार? निळी नि लाल एकच आहे.”

तिथेच तिनं सही केली. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पुढे ती अंथरुणाला खिळली. त्याच सुमारास अभिलेखागारातल्या बाईंचा मला फोन आला. मालकांचा मुलगा येऊन गेला होता. वडिलांची मापं परत द्या म्हणून तणतणला. बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, इथे आलेलं काही काढून देत नाही. बघायचं असेल तर अर्ज भरा आणि नंबर येईपर्यंत बाहेर बाकावर बसा. बराच वेळ बसला म्हणे बिचारा. आत दुसरंच कुणीतरी टाचणीचे कागद बघत होतं.

मी धावतच टाचणीकडे गेले आणि सगळं अभिनयासकट करून दाखवलं. त्याचं तणतणणं, त्याचं घड्याळाकडे बघणं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात ती म्हणाली,

“बसू दे. मला विंगेत बाकडंही नव्हतं.”