एका नावाच्या दोन बोटी

थोरला दादा नौदलात होता. आम्हा सोलापूरकरांना पाणी ठाऊक ते चार दिवसांतून एकदा नळाला येतं तेवढंच, त्यामुळं तो सुट्टीवर आला की सगळी गल्ली त्याच्याभोवती जमायची. युद्धनौकांना नावं कुठून येतात ते तो रंगवून सांगायचा. कुणाला नदीचं, कुणाला डोंगराचं, कुणाला शहराचं, पाणबुडीला माशाचं.

"सोलापूरच्या नावाची हाय का रं?" शेजारची म्हातारी विचारायची.

"हाय की आजी. थंडीत चादर पांघरून उभी असती." थापाड्या मेला.

त्याची बोट एका नदीच्या नावाची. तेच नाव आधी एका जुन्या बोटीचं होतं. ती थकली तसा तिच्यावरचा झेंडा उतरवला, तिला तोडायला नेली, नाव तेवढं ठेवून घेतलं. पुढं नवी बोट पाण्यात उतरली तेव्हा तिला तेच लावलं.

"लोखंड भंगारात जातं, नाव न्हाय जात," दादा म्हणायचा. "पण जुनी पाण्यात हाय तवर नवीला ते नाव देत न्हाईत. एका नावाच्या दोन बोटी नसत्यात."

सुट्टीतच एकदा पुण्याहून परत येताना टेंभुर्णीच्या पुढं त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. मुडदा बशिवला त्या ट्रॉलीवाल्याचा! दादा जागेवरच गेला.

वर्षाच्या आत धाकट्या भावाला मुलगा झाला. आईनं बारशाआधीच सांगून टाकलं, थोरल्याचंच नाव ठेवायचं. "त्योच म्हणायचा की, नाव भंगारात जात न्हाय." नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा.

दादाची बायको, माझी वहिनी, भांडी घासता घासता मला म्हणाली, "वन्सं, तेवढं नाव नका ठेवू. बाळाला मी हाक कशी मारू?" तिनं ते नाव लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी 'अवो'.

"आईला काय सांगू मी?"

"सांगा, जुनी बोट अजून पाण्यात हाय."

बारशाला वहिनीला पाळण्याजवळ येऊ दिलं नाही. विधवेची सावली नको म्हणे. माझं डोकंच फिरलं. नवऱ्याचं नाव पाहिजे आणि त्याची बायको नको, ही कुठली रीत? मी वाकले, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि बाळाच्या आईला आवडलेलं दुसरंच नाव सांगितलं. मग मोठ्यानंही सांगितलं. माझ्या पाठीत बुक्के घालायला उचललेले बायकांचे हात तसेच राहिले.

आई मटकन खाली बसली. "माझ्या लेकाला दुसऱ्यांदा मारलंस गं, भवाने!" म्हणून ऊर बडवायला लागली. तरी नाव मी बदललं नाही.

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली. आईकडं तिनं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. तिनं दादाचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव, मोठ्यानं, बाहेर बसलेल्याला जेवायला हाक मारावी तसं.

आई रडायची थांबली. आणि आम्ही सगळ्याजणींनी दाराकडं बघितलं.