उसातून आलेला हुकूम

मंडळी, दुपार झाली तरी अंगावरचा काटा जात नाहीये, म्हणून लिहितोय.

आज पंधरा ऑगस्ट. आमच्या अवसरीजवळच्या वस्तीवर शाळेत झेंडावंदनालाच भांडण पेटलं. दरवर्षी सगळं सांभाळणारे, लष्करातून निवृत्त झालेले नाना उन्हाळ्यात गेले. मग यंदा दोरी कोणी ओढायची? गावातल्या दोन्ही पक्षांची माणसं दोरीला झोंबली.

"तुमी कोण वो ठरवणार?"

"सत्ता आमची हाय, राव!"

एकाने दुसऱ्याची कॉलर धरली. मीही ओरडतच होतो.

तेवढ्यात शाळेमागच्या उसातून आवाज आला, "साऽवधान!"

नानांचा आवाज.

कॉलर सुटली. सगळे जागच्या जागी ताठ. दोरी कोणी ओढली, खरंच आठवत नाही. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, तरी कोणी हललं नाही. नाना 'विश्राम' म्हणायचे तेव्हाच आम्ही हलायचो ना!

शेवटी नानांची सून हळूच म्हणाली, "भाऊ, बिबट्याला पळवायला भोंगा बसवलाय उसात. मामंजींचा मागच्या वर्षीचा आवाज भरलाय त्यात. पर समोरनं काय गेल्याबिगर तो वाजत न्हाई."

उसाचं एक पानही हलत नव्हतं. भोंग्यात तेवढा एकच हुकूम भरलाय, 'विश्राम' नाहीच. ज्याची कॉलर धरली होती तो आणि धरणारा, दोघं खांद्याला खांदा लावून उसाकडे बघत उभे होते.

तुमच्या गावात असं एकत्र उभं करणारं माणूस अजून जिवंत आहे ना?