नेण्यास परवानगी

पालेगावात आमच्या सोसायटीची बी विंग जिथे उभी आहे, तिथे अंजनी भोईरच्या सासऱ्यांचं भाताचं खळं होतं. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं, नुसता राग होता.

"उंदरांसाठी सासऱ्यांनी मांजरी पाळल्या. खळं गेलं, मांजरी इथंच राह्यल्या. मग उपरं कोण, त्या का तुमी?"

मी त्याच विंगमध्ये सातव्या मजल्यावर राहते.

अंजनी पंचेचाळिशीची. आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, कायमची दुसरी पाळी. सकाळचे मोकळे तास ती मांजरांमागे घालवते. भटकी मांजरं पकडायची, विठ्ठलवाडीच्या दवाखान्यात नेऊन नसबंदी करून घ्यायची आणि जिथून उचलली तिथेच परत सोडायची. एका वर्षात तिच्या अंगणातल्या मांजरीची नऊ पिल्लं डंपरखाली गेली, तेव्हापासून हे सुरू आहे. "फावड्यानं उचलून उचलून वीट आला," एवढंच ती म्हणते. मांजरांवर माया वगैरे शब्द तिच्यासमोर काढले, तर ती अंगावर येते.

पद्धत साधी आहे. रोज सकाळी सातला ती स्टीलची ताटली वाजवते, मांजरं जमतात. पकडायच्या आदल्या दिवशी ताटली वाजत नाही. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात भाजलेला बोंबील. झडप पडली की पिंजऱ्यावर जुनी साडी टाकायची, अंधारात मांजर गप्प होतं. भूल दिलेली असतानाच डॉक्टर कानाचं टोक छाटतात, म्हणजे हिचं झालंय हे लांबूनही कळतं.

हे सगळं तिने आमच्या मीटिंगमध्ये तीनदा सांगितलं होतं. परत का सोडायची तेही सांगितलं. जागा रिकामी ठेवली तर बाहेरची नवी मांजरं येतात आणि पुन्हा विऊ लागतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. मग चेअरमन गुरुदत्त सामंत यांनी परवानगीचा कागद टाइप करून आणला. अंजनीची पाळीची वेळ झाली होती, गेटवर रिक्षा थांबली होती. तिने न वाचता सही केली.

पहिली सापडली करड्या रंगाची चिमी. शनिवारी सकाळी नेली, दुपारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी कारखान्यात डॉक्टरांचा फोन आला, "हिला दूध आहे. पिल्लं कुठेतरी आहेत. एरवी दोन-तीन दिवस ठेवतो, पण हिला उद्या सकाळीच न्या."

रविवारी आठ वाजता अंजनी साडीने झाकलेला पिंजरा घेऊन रिक्षातून उतरली, तेव्हा सामंत गेटमध्येच उभे होते.

"काय हो, नेली होतीत ना? मग परत?"

"सोडायला आणलीय. पिल्लं हायेत तिची, कालपासून उपाशी. सरका."

"पिल्लं? इथे कुठली पिल्लं?" सामंतांनी खिशातून कागद काढला. "हे बघा. 'आवारातील मांजरे कायमस्वरूपी नेण्यास परवानगी देण्यात येत आहे.' खाली सही कुणाची?"

अंजनीने कागद वाचला. तिचा चेहरा रागाने काळवंडला.

"मीटिंगमधी मी काय बोलले?"

"बोलला असाल. कागदावर काय आहे ते बोला."

बाल्कन्यांतून माणसं डोकावू लागली, आवाज ऐकून मी खाली आले. पिंजऱ्यावरची साडी एका बाजूने सरकली होती. कुणीतरी वरून ओरडलं, "अहो, तिने कान कापलाय मांजराचा! रक्त आहे!"

"कान कापलाय तो लोकांना दिसावा म्हणून," अंजनी वर बघून ओरडली. "तरी दिसत नाय, त्याला मी काय करू?"

तेवढ्यात पिंजऱ्यातली चिमी ओरडली. आणि बी विंगच्या बाजूने बारीक उत्तर आलं.

पाइपांचा डक्ट तिथेच आहे. वॉचमन जनू, अंजनीच्याच गावचा म्हातारा माणूस, हळूच म्हणाला, "वहिनी, त्याला काल दुपारी जाळी मारली. साहेबांनी प्लंबर बोलावलावता."

चिमी बाहेर गेल्याच्या काही तासांत सोसायटीने तिचं दार बंद केलं होतं.

"जाळी काढा," अंजनी म्हणाली.

"कमिटीत विषय ठेवावा लागेल."

"ठेवा. पिल्लू मरायला दोन दिवस लागतात, वास यायला तीन. तवर मिटिंग घ्या. डक्ट तुमच्याच किचनला लागून हाय, साहेब."

सामंतांनी आपल्या किचनच्या खिडकीकडे पाहिलं. मग जनूला म्हणाले, "पाना आण."

जाळी निघाली. आत तीन होती. दोन ओरडत होती, तिसरं हलत नव्हतं. अंजनीने पिंजऱ्याचं तोंड डक्टला लावलं, चिमी अडखळत आत शिरली आणि आडवी झाली. अंजनीने तिसरं पिल्लू बाहेर काढून पिंजऱ्यावरच्या साडीत गुंडाळून बाजूला ठेवलं. बराच वेळ ती स्वतःलाच शिव्या देत होती. पकडताना पोटाखाली बघितलं नाही म्हणून, कागद वाचला नाही म्हणून.

"झालं ना मनासारखं?" सामंत म्हणाले. "आता ही मोठी झाली की न्या."

"नेईन. आणि कान कापून इथंच आणून सोडीन." ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमी लिवता ना? नवा कागद लिवा. मी सांगते तसा."

पिंजऱ्याच्या टपावर कागद ठेवून मी लिहिलं, 'मांजरे नसबंदीसाठी नेण्यास व त्याच जागी परत सोडण्यास परवानगी आहे.' ती बोट ठेवून अक्षर अक्षर वाचत होती. मग म्हणाली, "खाली लिवा, सोसायटीच्या जाळीआड एक पिल्लू मेलं."

"याची काय गरज आहे?" सामंत म्हणाले. "वरच्या ओळीवर सही करतो, हे खोडा."

"खोडायचं नाय."

त्यांनी सही केली नाही. कागद माझ्याकडे आहे. चिमी डक्टमध्येच राहते. ती जाळी पुन्हा बसवायची हिंमत अजून कुणी केलेली नाही. रोज सकाळी सातला अंजनीची ताटली वाजते, मांजरं येतात. ती जाताना तळमजल्यावरच्या सामंतांच्या खिडकीखाली थांबते आणि अख्ख्या विंगला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "साहेब, सही?"