पदपथ मोकळा होता

आमच्या सोसायटीच्या फाटकावरची पाटी माझी आहे. मजकूर माझा, अक्षरही माझंच. 'फाटकासमोर वाहन लावू नये. दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. अडचणी ऐकून घेतल्या जाणार नाहीत.' कोथरूडला तेव्हा घरोघरी स्कूटर आली होती आणि सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. पाहुणे असोत, जावई असो, मी कुणाची भीड ठेवली नाही. वरच्या मजल्यावरच्यांचे व्याही एकदा स्कूटर लावून चहाला गेले, तर मी चाकातली हवा सोडून दिली. बायको म्हणाली, "देवानं तुम्हाला चुकून माणूस केलं. फाटक करायचं होतं." मला तेव्हा ती शाबासकी वाटली होती. इतका मी शहाणा.

एकदा सकाळी ऑफिसला निघालो आणि जेवणाचा डबा घरीच राहिला. अर्ध्या वाटेतून परत फिरलो. काम दोन मिनिटांचं, पण गाडी लावायची कुठे? तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर गॅलरीत पेपर घेऊन बसलेले. मी कधी चुकतोय याची ते वर्षभर वाट बघत होते. त्यांना तो आनंद मी देणार होतो थोडाच! फाटकाच्या पलीकडे, कंपाउंडच्या भिंतीला लागून फुटपाथ होता. त्यावर स्कूटर चढवली आणि आडवी लावली. फुटपाथ सबंध अडला. पण पाटी पाळली गेली, आणि त्याचं समाधान वाटलं, हे लिहायलासुद्धा लाज वाटते.

डबा घेऊन जिना उतरत होतो तेवढ्यात ब्रेक करकचले आणि बाईची किंकाळी आली. बाहेर येऊन पाहतो तर शहर बस थांब्याच्या अलीकडेच तिरकी उभी, आणि तिच्या पुढच्या चाकाजवळ नऊवारीतली एक बाई पडलेली. फुटपाथवरून चालत येत होती. माझी स्कूटर आडवी आली म्हणून ती चार पावलांसाठी रस्त्यावर उतरली, आणि मागून थांब्याकडे येणाऱ्या बसचं चाक तिच्या पायावरून गेलं. हातातला स्टीलचा डबा उघडा पडला होता आणि लाडू डांबरावर सांडले होते.

आता खरं ते सांगतो. मी आधी तिच्याकडे गेलो नाही. आधी स्कूटरकडे गेलो. स्टँडवरून काढली, फुटपाथवरून उतरवली, ढकलत बाजूच्या गल्लीत नेऊन लावली. मग धावत आलो. नंतर मात्र मी सगळं केलं. रिक्षा थांबवली, तिला पाणी पाजलं, कंडक्टरच्या मदतीनं उचलून रिक्षात ठेवलं. ती मांजरी गावाकडची होती, हे नंतर कळलं. उसाच्या शेतात मजुरीला जायची आणि त्या दिवशी बाळंत झालेल्या लेकीला भेटायला आली होती. "लाडू सांडलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कंडक्टर तिला घेऊन दवाखान्यात गेला.

थोड्या वेळानं हवालदार आले. जागेचा पंचनामा करायला त्यांना दोन पंच हवे होते. पंच म्हटल्याबरोबर गर्दी जी पांगली, ती पांगलीच. कोर्टाची पायरी कोण चढणार? मी पुढे झालो. इस्त्रीवाल्याला दुसरा पंच केलं. हवालदार एकेक अक्षर कोरत बसले, ते मला बघवेना. मी पाटबंधारे खात्यातला कारकून. माझ्यासारखा मसुदा ऑफिसात कुणाला जमत नाही, असं साहेब चारचौघांत म्हणायचे. मी कागद ओढून घेतला. "द्या इकडे, मी लिहितो." रस्त्याची रुंदी, बस कुठे उभी, रक्ताचा डाग कुठे, सगळं झोकात लिहिलं. आणि त्याच झोकात लिहिलं, 'सदर ठिकाणी रस्त्याच्या डाव्या बाजूस पदपथ असून तो पादचाऱ्यांसाठी पूर्णपणे मोकळा आहे.' लिहिताना मान वर करून पाहिलंसुद्धा. होताच की मोकळा. एक अक्षर खोटं नव्हतं. इस्त्रीवाल्यानं मी बोट ठेवलं तिथे सही केली.

तिचा पाय घोट्यापासून काढावा लागला. शेतातली मजुरी संपली. तिनं भरपाईचा दावा लावला, आणि बसवाल्यांनी उत्तर दिलं, की मोकळा फुटपाथ सोडून बाई रस्त्यावरून का चालत होती? आधाराला माझा पंचनामा. दोन-अडीच वर्षांनी मला शिवाजीनगरच्या कोर्टात साक्षीला बोलावलं. मी खरं सांगायचंच ठरवून गेलो होतो. आदल्या दिवशी आरशासमोर उभं राहून म्हणूनसुद्धा पाहिलं होतं, 'तिथे माझी स्कूटर होती.' चार शब्द, काही अवघड नाही.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. न्यायाधीशांनी पंचनामा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "अक्षर तुमचं का? इतका व्यवस्थित पंचनामा क्वचित बघायला मिळतो." मी फुललो. हो, फुललो. तिच्या वकिलानं विचारलं, फुटपाथवर काही अडथळा होता का. मी म्हणालो, "पंचनाम्यात लिहिलंय तेच खरं."

बाहेर येतो तर बसवाल्यांच्या वकिलानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आता निम्मा दोष बाईवर नक्की जातो, भरपाई निम्म्यावर येते. म्हणजे मला कळलं नव्हतं असंही नाही.

व्हरांड्यातल्या बाकावर ती बसली होती, शेजारी कुबडी. मला बघून उठायला लागली. मी नको नको म्हणतोय तोवर उठलीच.

"साहेब, त्या दिशी तुमी व्हता म्हनून मी हाय," ती म्हणाली. "समदी नुसती बघत व्हती. तुमी पयली तुमची गाडी काढली, रिक्षाला वाट व्हावी म्हनून. मी पडल्या पडल्या बघितलं."



मग ती जरा जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "वकील सारखा इचारीत व्हता, फुटपाथवर काय आडवं व्हतं का. म्या गाडीचं नाव न्हाई काढलं. भल्या मानसाला कशापायी गुतवायचं?"

तिचा वकील चार हातांवर उभा राहून फायलीची नाडी बांधत होता. हाक मारली असती तर वळला असता. पिंजऱ्यात पुन्हा उभं करा म्हटलं असतं, तर कदाचित केलंही असतं. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "जपून जा. फुटपाथवरून जा."

ती "व्हय" म्हणाली आणि कुबडी टेकत जिन्याकडे गेली.

निकाल माझ्या पंचनाम्याबरहुकूम लागला. निम्मा दोष तिचा.