न ठेवलेल्या खुणा

डोंगरात आम्ही दोघं नेहमी एकाच पद्धतीने चालायचो. तो पुढे, मी मागे. तो एसटीचा ड्रायव्हर, अकोले तालुक्यातल्या घाटाच्या गाडीवर; मी त्याच गाडीने शाळेत जाणारा मास्तर. कित्येक वर्षं त्याच्या मागच्या बाकावर बसून मी घाट चढलो-उतरलो, त्यामुळे त्याच्या मागे चालणं मला नवं नव्हतं. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. तो मला सर म्हणायचा, पण त्यात निम्मी चेष्टा असायची.

पावसाळ्यात डोंगरावर गर्दी होते म्हणून आम्ही थंडीत जायचो, आणि वाट नसेल तिकडे जायचो. तिकडे कारवी असते. माणसाच्या डोक्यावर जाणारी, दाट, थंडीत पानं करपून नुसत्या काठ्या उरलेली. पुढच्याने कोयत्याने ती दोन्ही बाजूंना सारत जायचं. मागच्याचं काम खुणा करायचं. वळण आलं की दगडावर दगड ठेवायचा. दगड नसेल तर कारवीची काठी मोडून, आलो त्या दिशेला तोंड करून आडवी टाकायची. परतताना याच खुणांवर उतरायचं असतं, कारण माणूस पुढे गेला की कारवी मागे पुन्हा मिटते.

पहिल्याच वेळी त्याने सांगितलं होतं, “मी मागं वळून बघनार न्हाई, सर. मागलं समदं तुमच्याकडं.”

तीन वर्षांपूर्वीच्या पौषात आम्ही भंडारदऱ्याच्या पलीकडे एका डोंगरावर गेलो. खालच्या वाडीतले लोक त्याला नुसतं ‘वरलं टोक’ म्हणतात. सकाळी दव इतकं होतं की गुडघ्यापर्यंत पँट भिजली. बोटं सुन्न झालेली. तरी पहिल्या सात-आठ खुणा मी नीट ठेवल्या, हे मला आजही आठवतं.

मग कारवी दाट झाली. दगड ठेवायला मी वाकलो की तो दहा-पंधरा पावलं पुढे जायचा आणि दिसेनासा व्हायचा. फक्त कोयत्याचा आवाज यायचा. एकदा मी दगड ठेवून उठलो तर तो आवाजही नव्हता. चारी बाजूंना सारख्याच काठ्या, वर पांढरं आभाळ. तो डावीकडे गेला की उजवीकडे, काही कळेना. अर्धं मिनिट गेलं असेल. हाक मारायची लाज वाटली. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस ‘दादा, थांबा’ असं कसं ओरडणार? मग तो खोकला, आणि मी त्या दिशेने तोंड ओरबाडून घेत पळत सुटलो.

त्यानंतर मी एकही खूण केली नाही. पुढच्या वळणावर करू, असं एका वळणाला म्हणालो. त्या वळणावरही केली नाही. त्याची पाठपिशवी हाताच्या अंतरावर ठेवायची, एवढंच मला सुचत होतं.

“खुना व्हत्यात न्हवं?” त्याने मान न वळवता विचारलं.

“हो.”

“दमला असाल तर सांगा. हितं कुनी खाडा मांडत न्हाई.”

माथ्यावर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. समोर कळसूबाई, त्यावरचं देऊळ ठिपक्याएवढं. त्याने ठेचा-भाकरी सोडली आणि माझ्यापुढे केली. तेव्हा सांगता आलं असतं. उजेड होता, पाणी होतं, दोघांनी बसून चढलेली धार डोक्यात परत मांडली असती. मी म्हणालो, “लवकर उतरूया.”

“सरांना घरची आठवन आली,” तो डोंगराला सांगितल्यासारखं म्हणाला.

उतरायला लागलो आणि वीस मिनिटांत तो थांबला. “हितं वळान हुतं. खून कुठंय?”

त्याने आजूबाजूची कारवी बाजूला करून पाहिली. थोडं खाली, थोडं वर. “तुमी ठिवली हुती न्हवं हितं?”

“ठेवली होती,” मी म्हणालो. “नीट बघा.”

ती दोन वाक्यं मी म्हणालो. त्यातलं दुसरं मला जास्त छळतं. त्याने खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं, आणि पुढच्या वळणावर परत डोळे पुसले. “मला कशी दिसंना,” तो स्वतःशीच म्हणाला. मी त्याच्यामागे उभा राहून नसलेले दगड शोधत असल्याचं दाखवत होतो.

चार वाजता कारवी संपली आणि आम्ही भलत्याच धारेवर निघालो. खाली वाळलेल्या गवताचा उतार, आणि उतार संपतो तिथे काहीच नाही, फक्त हवा. पलीकडच्या दरीतली शेतं दिसत होती, त्यावरून कडा किती खोल आहे ते कळलं. थंडीतलं गवत तेल लावल्यासारखं असतं. तो म्हणाला, “बसून चला. टाच रोवा. खाली बघू नका.”

मी खाली बघितलं.

पाय सुटला तेव्हा आवाजसुद्धा निघाला नाही माझा. गवत अंगाखालून सरसर जात होतं, हाताला येत होतं ते उपटून येत होतं. मग मानेला जोराचा हिसका बसला. त्याने एका हाताने उतारावरच्या एका झुडपाचं खोड धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने माझ्या पिशवीचा पट्टा. त्याच्या तळहातातून रक्त येत होतं. कडा माझ्या पायांपासून दोन माणसं आडवी निजतील एवढ्या अंतरावर होता.

“हलू नका,” तो म्हणाला. आणि मग, अगदी हळू, “माफ करा, सर. मी वाट चुकलो.”

मला वाटलं होतं, आता सांगावं. पण माझे दात वाजत होते, आणि त्या दातांमागे मी ते ठेवून दिलं. थंडी होती, भीती होती, कारणं पुष्कळ होती.

सूर्य धारेआड गेला होता. मला खात्री झाली होती की आम्ही इथेच राहणार, सकाळपर्यंत गारठून नाहीतर त्याआधी घसरून. घरी भाजी कोणती केली असेल, हा विचार माझ्या डोक्यात फिरत होता आणि तो थांबवता येत नव्हता. तेवढ्यात खालून बाईचा आवाज आला. लाकडाची मोळी घेऊन निघालेली एक म्हातारी खालच्या टेपावर, एका सपाट जागेवर, उभी होती.

“कोन हाय रं तिकडं? म्हातारपनी शेळ्या व्हायची हौस आली व्हय?”

“मावशे, वाट सांग,” तो ओरडला.

“वाट असती तर सांगितली असती. उजव्या अंगाला सरका. जांभळाचं झाड दिसतंय का? त्याच्या मुळाला धरून उतरा. घाई केली तर मला तुमास्नी गोळा करावं लागंल, आन् माझ्या डोक्यावर आधीच मोळी हाय.”

तिच्या आवाजावर आम्ही एक-एक पाऊल उतरलो. अंधार पडायच्या आत टेपावर आलो. तिने आम्हाला पाणी दिलं, वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “चुकला कोन?”

“मीच,” तो म्हणाला. “ह्यांनी खुना केल्या हुत्या. मला दिसल्या न्हाईत.”

मी पाणी पीत होतो. पीत राहिलो.

पुढच्या आठवड्यात तो डोळे तपासायला गेला. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण तो जास्तच घाबरला. “डोळं चांगलं हायेत तर मंग डोकं गेलं म्हनायचं,” तो मला म्हणाला. “दिसत असून दिसलं न्हाई. घाटात असं झालं तर? मागं चाळीस मानसं बसत्यात, सर.” त्याने स्वतः अर्ज करून गाडी सोडली आणि डेपोच्या फाटकावरचं काम मागून घेतलं. डोंगरही सोडला. मी त्याच्या घरी जायचो, दिवाळीला जेवायचो. वाट आपण चुकलो, एवढंच त्याने घरी सांगितलं होतं; त्याची बायको वाढताना म्हणायची, तुमी हुता म्हनून हे वाचले.

तिथे मी एकदाही तोंड उघडलं नाही. रोज घाटातून जाताना त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर दिसायचा, आणि मी खिडकीबाहेर बघत राहायचो.

या थंडीत एके दुपारी मी डेपोच्या फाटकावर गेलो आणि सगळं सांगितलं. आवाज नसण्याचं ते अर्धं मिनिट, नंतरची वळणं, ‘नीट बघा’. तो ऐकत होता. मध्ये एक गाडी आली, त्याने दांडी उचलली, गाडी गेली, दांडी खाली आली.

“तवाच का न्हाई सांगितलं?”

“भीती वाटली.”

“पडायची?”

“तुम्ही काय म्हणाल त्याची.”

त्याने दांडीवरचा हात काढला. “मरायला निगालो हुतो दोघं. आन् तुमाला माझ्या बोलन्याची भीती.” मग म्हणाला, “बायको मोटारसायकलवर मागं बसती ना, तर माझ्या खांद्यावरनं रस्ता बघती. खड्डा आला, गतिरोधक आला, सांगत ऱ्हाती. तीन वर्षं. मी तिला काही सांगनार न्हाई. तुमी सांगायचं.”

“आज?”

“पाचला सुटतो मी. हितंच थांबा.”

अडीच तास मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. तीन वेळा उठलो आणि तीन वेळा बसलो. त्या उतारावर निदान खाली बघायचं की नाही एवढं तरी माझ्या हातात होतं.

त्याच्या घरी त्याची बायको ओट्याशी बसून मेथी निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं, फार भराभर. तिने मान वर केली नाही. सांगून झाल्यावर तिने हातातल्या जुडीचे देठ मोडून संपवले.

“बसा,” ती म्हणाली. “आन् पुन्यांदा सांगा. पहिल्यापास्नं. ह्या बारीला हळू.”

तिला सगळं नीट ऐकू गेलं होतं, हे मला कळत होतं. तो दारात चप्पल काढत होता. तो आत येऊन माझ्यासमोर बसेपर्यंत ती थांबली, भाजी बाजूला सारली, आणि मी सुरुवात केली.