खेकड्याची बाजू घेणारी स्तामाता

ग्रीसमधल्या आमच्या लेर्नाच्या दलदलीत महाबली हेराक्लिसने नऊ तोंडांचा साप मारला. त्या वेळी सापाच्या मदतीला एकटा खेकडा धावला, हेराक्लिसच्या पायाला चावला आणि चिरडला गेला. हेराक्लिसचा द्वेष करणाऱ्या हेरा देवीने त्या खेकड्याला आकाशात नेऊन ठेवलं. कर्क राशीतले ते अंधूक तारे म्हणजे तोच. स्तामाता म्हातारी ही गोष्ट सांगताना नेहमी खेकड्याची बाजू घ्यायची.

तिच्या शेजारी अल्बेनियाहून आलेली ड्रिता राहायची. एका सकाळी घरमालक दोन धटिंगण घेऊन ड्रिताला हुसकायला आला. सगळी गल्ली खिडक्या लावून बसली. स्तामाताने मात्र ड्रिताच्या दारातच खुर्ची टाकली आणि वाटाणे सोलायला घेतले.

"उठा आजी," घरमालक म्हणाला. "तुम्ही काय करणार आमचं?"

"चावेन! दात चारच उरलेत, पण माझे स्वतःचे आहेत."

समोरच्या खिडकीमागे कुणीतरी खुदकन हसलं. खिडकी उघडली, आणि शिवणकाम करणारी एलेफ्थेरिया स्वतःची खुर्ची घेऊन खाली आली. तिच्यामागून आणखी बायका खुर्च्या घेऊन आल्या आणि दारात बसल्या. इतक्या जणींना उचलायची घरमालकाची छाती झाली नाही.

ड्रिता आजही तिथेच राहते. रविवारी ती आणि स्तामाता एकत्र जेवतात आणि मीठ कमी पडलं म्हणून मनसोक्त भांडतात.